वाय-फायचे कुलूप किती भक्कम?

खास प्रतिनिधी

वेरूळ : लेणी पाहण्यासाठी येणारा पर्यटक लॉजच्या काउंटरवर खोलीची किल्ली घेतो आणि त्याच दमात वाय-फायचा पासवर्ड विचारतो. हा पासवर्ड पुष्कळदा पुठ्ठ्यावर लिहून भिंतीला चिकटवलेला असतो. कधी तो एक ते आठ असे ओळीने आलेले आकडे असतो, तर कधी चक्क मालकाचा मोबाइल क्रमांक, जो बाहेरच्या पाटीवरही ठळक रंगवलेला असतो. खोलीची किल्ली परत घेण्याविषयी जितकी दक्षता बाळगली जाते, तितकी या दुसऱ्या किल्लीविषयी क्वचितच कोणी बाळगतो. पाहुणा निघून गेला, तरी पासवर्ड त्याच्या फोनमध्ये कायमचा राहतो.

यात एवढे गंभीर काय, असा प्रश्न कोणीही विचारील. त्याचे उत्तर शोधण्यासाठी परदेशात जाण्याची गरज नाही. नवी मुंबईतील सानपाड्यापर्यंत गेले तरी पुरे.

२६ जुलै २००८ रोजी संध्याकाळी अहमदाबाद साखळी बॉम्बस्फोटांनी हादरले. या स्फोटांत ५६ जणांचे प्राण गेले. पहिला स्फोट होण्याच्या काही मिनिटे आधी 'इंडियन मुजाहिदीन'च्या नावाने एक ई-मेल वृत्तवाहिन्यांकडे पोहोचला होता. ई-मेल कोठून निघाला, याचा माग काढणे तपास यंत्रणांना फारसे अवघड नव्हते. इंटरनेटवरील प्रत्येक जोडणीला आयपी पत्ता असतो. तो पत्ता सानपाड्यातील एका इमारतीत राहणाऱ्या अमेरिकी नागरिकाच्या जोडणीचा निघाला. दहशतवादविरोधी पथकाने त्याच्या घराची झडती घेतली, संगणक ताब्यात घेतले, त्याची कसून चौकशी केली. अखेर त्याचा कटाशी काडीचाही संबंध नसल्याचे स्पष्ट झाले. त्याच्या घरातील वाय-फाय कोणालाही वापरता येईल असे उघडे होते आणि कोणीतरी इमारतीच्या परिसरातूनच त्याचा वापर केला होता.

हा प्रकार एकदाच घडून थांबला नाही. २३ ऑगस्ट २००८ रोजी दुसरा ई-मेल माटुंग्याच्या खालसा महाविद्यालयाच्या नेटवर्कवरून गेला. १३ सप्टेंबर रोजी दिल्लीत स्फोट झाले, तेव्हाचा ई-मेल चेंबूरमधील एका खासगी कंपनीच्या जोडणीवरून निघाला. ऑक्टोबर २००८ मध्ये मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेने पुण्यातील एका संगणक अभियंत्यासह अनेकांना अटक केली. ही मंडळी मुंबई परिसरात फिरून असुरक्षित वाय-फाय हेरत होती, असे पोलिसांचे म्हणणे होते. अहमदाबाद खटल्याचा निकाल लागायला फेब्रुवारी २०२२ उजाडले. विशेष न्यायालयाने ४९ जणांना दोषी ठरवले आणि त्यांपैकी ३८ जणांना फाशीची शिक्षा सुनावली.

त्या वर्षापर्यंत वाय-फाय ही सर्वसामान्यांच्या लेखी केवळ सोय होती. तारेचा त्रास नाही, भिंतीला भोके पाडणे नाही. राउटरच्या लहरी भिंतीपाशी थांबत नाहीत, त्या जिन्यात, रस्त्यावर आणि शेजाऱ्याच्या दिवाणखान्यातही पोहोचतात, ही साधी बाब तीन ई-मेलनंतर लोकांच्या ध्यानी आली. जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी उघडी नेटवर्क शोधण्यासाठी पथके फिरतील आणि संबंधितांना नोटिसा दिल्या जातील, असे जाहीर केले. पाठोपाठ फेब्रुवारीत केंद्राच्या दूरसंचार विभागाने इंटरनेट कंपन्यांना वाय-फायच्या सुरक्षित वापराबाबत आदेश दिले. सार्वजनिक ठिकाणी वाय-फाय वापरण्यापूर्वी ग्राहकाची ओळख पटवावी, हा त्याचा गाभा होता. आज रेल्वे स्थानकावर किंवा विमानतळावर मोबाइलवर सांकेतिक क्रमांक मागवल्याखेरीज इंटरनेट मिळत नाही, त्याचे मूळ त्या काळात आहे.

मात्र 'पासवर्ड लावा' एवढे सांगून भागत नव्हते. कारण त्या काळी पासवर्ड लावलेली असंख्य नेटवर्क जुन्या पद्धतीची होती आणि ती पद्धत उघड्या दारापेक्षा फारशी बरी नव्हती.

'वेप'ची कहाणी

बिनतारी जाळ्यांसाठीचे पहिले आंतरराष्ट्रीय मानक १९९७ मध्ये आले. त्यात माहिती कूटबद्ध करण्याची जी पद्धत होती, तिचे नाव 'वायर्ड इक्विव्हॅलंट प्रायव्हसी', म्हणजेच 'वेप'. तारेच्या जोडणीत जितकी गोपनीयता असते तितकीच येथे देऊ, असा या नावाचा दावा. तो किती पोकळ होता, हे समजून घेण्यासाठी थोडे अंकगणित करावे लागेल. वाचकांनी घाबरू नये, ते प्राथमिक शाळेतले आहे.

'वेप'मध्ये 'आरसी-४' नावाचे सूत्र गुप्त किल्लीपासून आकड्यांची एक लांबलचक माळ तयार करते. पाठवायचा मजकूरही संगणकाच्या लेखी आकडेच. मजकुराचा आकडा आणि माळेतला आकडा यांची बेरीज करून ती हवेत सोडायची. पलीकडच्या यंत्राकडे तीच किल्ली असते, त्यामुळे ते तीच माळ तयार करते, वजाबाकी करते आणि मूळ मजकूर मिळवते. (प्रत्यक्षातील क्रिया बेरजेहून किंचित वेगळी असते, पण तत्त्व हेच.) मधल्या चोराला माळ ठाऊक नसल्याने त्याच्या हाती केवळ निरर्थक आकडे लागतात.

आता समजा, एकच माळ दोनदा वापरली गेली. पहिल्या निरोपाचा आकडा ४, दुसऱ्याचा ७ आणि माळेतला आकडा ५. हवेत ९ आणि १२ गेले. चोराने १२ मधून ९ वजा केले, उत्तर आले ३. मूळ ७ आणि ४ यांच्यातील फरकही तेवढाच! माळ मधल्या मध्ये नाहीशी झाली. आता एका निरोपाचा मजकूर ठाऊक असला किंवा अंदाजाने ओळखता आला, तर दुसरा आपोआप उलगडतो. संगणकांच्या संभाषणात ठरावीक साच्याचा मजकूर इतका असतो, की असा अंदाज करणे कठीण नाही.

म्हणून प्रत्येक निरोपाला नवी माळ हवी. त्यासाठी 'वेप'च्या रचनाकारांनी किल्लीच्या आधी दरवेळी एक वेगळा आकडा जोडण्याची योजना केली. मात्र त्या आकड्याला त्यांनी जागा दिली अवघ्या २४ बिटांची. २४ बिटांत १ कोटी ६७ लाखांच्या आसपास आकडे बसतात. ऐकायला हे मोठे वाटते, पण सेकंदाला ११ मेगाबिटच्या वेगाने सतत राबणारे त्या काळचे नेटवर्क हे सारे आकडे सुमारे पाच तासांत संपवते आणि पुन्हा जुन्याच माळा वापरू लागते. आकडे यादृच्छिक निवडले, तर पहिली पुनरावृत्ती पाच हजारांच्या आसपास निरोपांतच संभवते. शिवाय हा आकडा उघडपणे, कूटबद्ध न करताच पाठवला जातो. त्यामुळे माळ पुन्हा केव्हा आली, हेही चोराला आयतेच कळते.

बर्कलीच्या निकिता बोरिसोव, इयन गोल्डबर्ग आणि डेव्हिड वॅग्नर यांनी २००१ मध्ये या चुका मांडल्या. त्याच वर्षी स्कॉट फ्लूरर, इत्सिक मांतिन आणि आदी शामीर यांनी त्याहून जबर घाव घातला. काही विशिष्ट आकडे किल्लीला जोडले गेले, की 'आरसी-४'च्या माळेच्या सुरुवातीलाच मूळ किल्लीची चाहूल लागते, असे त्यांनी दाखवले. म्हणजे आता एखादा निरोप वाचण्याची गोष्ट राहिली नाही, किल्लीच हाती येऊ लागली. पुढे २००७ मध्ये जर्मनीतील डार्मस्टाट विद्यापीठाच्या तिघा संशोधकांनी ४० हजार निरोप टिपून १०४ बिटांची किल्ली शोधण्याची शक्यता निम्म्यावर आणली आणि ८५ हजार निरोपांत ती ९५ टक्क्यांवर नेली. हे सारे काम साध्या संगणकावर मिनिटभराचे होते.

याची किंमत कोणी मोजली? अमेरिकेतील 'टीजेएक्स' या किरकोळ विक्रीच्या मोठ्या साखळीने. २००५ च्या उन्हाळ्यात तिच्या एका दुकानाचे 'वेप'वर चालणारे जाळे चोरांनी बाहेरून फोडले. तेथून ते कंपनीच्या मुख्य संगणकांपर्यंत गेले. जानेवारी २००७ मध्ये हे उघडकीस आले, तेव्हा किमान ४ कोटी ५७ लाख क्रेडिट आणि डेबिट कार्डांची माहिती गेली होती. टोळीचा सूत्रधार अल्बर्ट गोन्झालेस याला २०१० मध्ये २० वर्षांची शिक्षा झाली.

पुण्यातील कॉफी

या इतिहासात महाराष्ट्राचा वाटा केवळ बळी ठरण्याचा नाही, हेही सांगितले पाहिजे. बिनतारी सुरक्षेवर काम करणाऱ्या 'एअरटाइट नेटवर्क्स' या कंपनीचे संशोधन केंद्र पुण्यात होते. तेथील विवेक रामचंद्रन आणि महंमद सोहेल अहमद यांनी ऑक्टोबर २००७ मध्ये सॅन दिएगो येथील 'टूरकॉन' परिषदेत एक प्रात्यक्षिक सादर केले. त्याला त्यांनी नाव दिले 'काफे लात्ते'. एक कप कॉफी संपेपर्यंत काम फत्ते, असा त्याचा अर्थ.

तोवर समजूत अशी होती, की 'वेप'ची किल्ली फोडायची तर त्या नेटवर्कच्या आसपास जावे लागते. कार्यालयाच्या आवाराला पहारा ठेवला की झाले. या दोघांनी ती समजूत खोटी ठरवली. लॅपटॉप घरापासून शेकडो मैल दूर, एखाद्या उपाहारगृहात उघडला, तरी तो आपल्या ओळखीच्या नेटवर्कला हाका मारत असतो. चोराने त्याच नावाचे खोटे नेटवर्क उभे केले, की लॅपटॉप बिनदिक्कत त्याला जाऊन मिळतो. 'वेप'मध्ये नेटवर्कने स्वतःची ओळख पटवून देण्याची अटच नव्हती! मग लॅपटॉपने पाठवलेल्या एखाद्या निरोपातील मोजके बिट उलटवून तो त्यालाच परत पाठवायचा. लॅपटॉप त्याला इमानेइतबारे उत्तरे देत राहतो. अशी हजारो उत्तरे गोळा झाली, की किल्ली हजर.

याच कंपनीच्या अहमद यांनी २०१० मध्ये आणखी एक त्रुटी जगापुढे आणली, तिचे नाव 'होल-१९६'. मानकाच्या २००७ च्या आवृत्तीत पान १९६ वर तिचा धागा सापडतो, म्हणून हे नाव. ती 'वेप'मधील नव्हती, तर त्यानंतर आलेल्या आणि अभेद्य मानल्या गेलेल्या 'डब्ल्यूपीए-२'मधील होती. सर्वांना एकत्रित निरोप देण्यासाठी नेटवर्कवरील प्रत्येकाकडे एक सामाईक किल्ली असते. तिच्या आधारे आतलाच एखादा इसम राउटर असल्याची बतावणी करून इतरांना फसवू शकतो. बाहेरच्या चोराला याचा उपयोग नाही. परंतु लॉजमध्ये, वसतिगृहात किंवा कार्यालयात 'आतला' म्हणजे नेमका कोण, हे कोणी ठरवायचे?

भक्कम तट, खारट पोती

'डब्ल्यूपीए-२' २००४ मध्ये आले आणि आजही घरोघरी बहुतांशी तेच आहे. त्यातील 'एईएस' हे कूटसूत्र अद्याप कोणालाही व्यवहारात फोडता आलेले नाही. मग ही नेटवर्क फुटतात कशी?

वेरूळहून शहराकडे जाताना वाटेत देवगिरीचा किल्ला लागतो. तासलेला उभा कडा, खंदक, अंधारी वाट. असा किल्ला सरळ हल्ल्याने घेणे दुरापास्त. तरीही १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीपुढे रामदेवरायाला शरण जावे लागले. धान्याची म्हणून वर नेलेली पोती ऐन वेढ्यात मिठाची निघाली, अशी कथा सांगितली जाते. 'डब्ल्यूपीए-२'चे बव्हंशी असेच आहे. तट शाबूत, घात पोत्यांत.

पहिले पोते म्हणजे पासवर्ड. फोन नेटवर्कला जोडला जाताना राउटर आणि फोन यांच्यात चार निरोपांची देवाणघेवाण होते. ती कोणी हवेतून टिपली, तर तो घरी जाऊन सावकाश एकेक पासवर्ड लावून पाहू शकतो. राउटरला त्याचा पत्ताही लागत नाही. प्रत्येक प्रयत्नाला ४,०९६ वेळा गणित करावे लागावे, अशी तजवीज आहे खरी, पण आजचे एखादे चांगले ग्राफिक्स कार्ड सेकंदाला दहा लाख पासवर्ड सहज तपासते. भारतातील मोबाइल क्रमांक दहा आकडी असतो आणि तो ६ ते ९ या आकड्यांनी सुरू होतो. म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी. दहा लाखांनी भागले तर ४,००० सेकंद, सव्वा तासही नाही. पाटीवरचा क्रमांक वाचला तर तेवढाही वेळ नको.

ही कल्पनेतील भीती नव्हे. इस्रायलमध्ये इदो हूरविच या संशोधकाने तेल अवीवच्या रस्त्यांवर फिरून पाच हजार नेटवर्कची माहिती टिपली आणि त्यांतील सुमारे ७० टक्क्यांचे पासवर्ड शोधून काढले. ही पाहणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. तेथेही मोबाइल क्रमांकाला पासवर्ड करण्याचीच खोड होती. उलट, इंग्रजी लहान अक्षरे आणि आकडे यांची अर्थहीन सरमिसळ असलेला आठ अक्षरी पासवर्ड शोधायला याच वेगाने महिनाभर लागतो, बारा अक्षरी शोधायला दीड लाख वर्षे. चार अक्षरांनी एवढा फरक पडतो.

दुसरे पोते 'डब्ल्यूपीएस' नावाच्या सोयीचे. पासवर्ड टंकण्याचा त्रास वाचावा म्हणून राउटरला आठ आकडी पिन दिला गेला. ऑस्ट्रियाचे श्टेफान फीबॉक यांनी डिसेंबर २०११ मध्ये दाखवले, की राउटर या पिनचे दोन तुकडे करून तपासतो आणि पहिला तुकडा चुकला, तर तसे सांगूनही टाकतो. पहिल्या तुकड्याच्या दहा हजार शक्यता. दुसऱ्यातील शेवटचा आकडा केवळ पडताळणीचा, म्हणून तेथे फक्त एक हजार. कोट्यवधींच्या जागी ११ हजार प्रयत्नांत, म्हणजे काही तासांत, काम भागते. जुन्या राउटरवर ही सोय आजही सुरू असलेली आढळते, ती बंद केलेलीच बरी.

ऑक्टोबर २०१७ मध्ये मात्र तटालाच चीर गेल्याची बातमी आली. बेल्जियममधील लुवेन विद्यापीठाचे माथी वानहूफ यांनी 'क्रॅक' ही त्रुटी जाहीर केली. वर उल्लेखलेल्या चार निरोपांपैकी तिसरा पुन्हा पाठवला, तर फोन तीच किल्ली नव्याने बसवतो आणि मोजणी शून्यापासून सुरू करतो. परिणाम काय, तर एकच माळ दोनदा! 'वेप'चेच पाप वीस वर्षांनी निराळ्या वेशात परत आले होते. अँड्रॉइड ६ सारख्या प्रणालींत तर सर्व शून्यांची किल्ली बसत असे. सॉफ्टवेअर अद्ययावत करून ही चीर बुजवता आली. परंतु ज्या स्वस्त राउटरांना आणि जुन्या फोनना अद्ययावत आवृत्ती कधी मिळालीच नाही, ते जसेच्या तसे राहिले.

जून २०१८ मध्ये 'डब्ल्यूपीए-३' आले. त्यात टिपलेले निरोप घरी नेऊन पासवर्ड शोधण्याचा मार्ग बंद करण्यात आला. प्रत्येक अंदाजासाठी राउटरशी थेट बोलावे लागते. त्यातही वानहूफ आणि एयाल रोनेन यांनी २०१९ मध्ये काही दोष काढले, ते बहुतांशी दुरुस्त झाले. आज नवा राउटर घेताना खोक्यावर 'डब्ल्यूपीए-३' लिहिले आहे का, हे पाहावे. मात्र जुने फोन चालावेत म्हणून तो दोन्ही पद्धतींवर चालवला, तर जुन्या पद्धतीतील उणिवाही सोबत येतात.

काउंटरवरचा संगणक

मग लॉजच्या वाय-फायवरून पैसे पाठवले, तर ते कोणी लुबाडील काय? येथे थोडा दिलासा आहे. बँकांची आणि यूपीआयची अॅप, तसेच आजची बहुतेक संकेतस्थळे आपला मजकूर स्वतंत्रपणे कूटबद्ध करतात. वाय-फायचे कुलूप तुटले, तरी आतली पेटी बंदच राहते. २००८ मध्ये ही स्थिती नव्हती. पण 'डब्ल्यूपीए-२'चा एकच पासवर्ड सर्व पाहुण्यांना दिलेला असेल, तर त्यांच्यापैकी कोणीही दुसऱ्याच्या जोडणीचे चार निरोप टिपून त्याचे बाहेरचे वेष्टन उघडू शकतो, आणि कोणत्या संकेतस्थळांना भेट दिली जात आहे, हे पाहू शकतो. नेटवर्कचे नाव लपवणे हा उपाय पुष्कळ जण सुचवतात. त्याने शेजारचा पोरगा कदाचित फसेल, जाणकार नाही.

खरी जोखीम पाहुण्यापेक्षा यजमानाची अधिक आहे. वेरूळसारख्या जागतिक वारसास्थळी परदेशी पर्यटक उतरतात. त्यांची माहिती चोवीस तासांत ऑनलाइन कळवणे निवासव्यवस्था चालवणाऱ्यांना बंधनकारक आहे. त्यामुळे काउंटरवरील संगणकात पारपत्रांच्या आणि देशी पाहुण्यांच्या ओळखपत्रांच्या प्रती साठलेल्या असतात. हाच संगणक आणि सीसीटीव्ही कॅमेरे जर पाहुण्यांच्याच वाय-फायवर असतील, तर भिंतीवरचा पुठ्ठा वाचणारा प्रत्येक जण त्या संगणकाच्या दारापर्यंत पोहोचलेला असतो. बहुतेक राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळे नेटवर्क सुरू करण्याची आणि पाहुण्यांची यंत्रे एकमेकांपासून अलग ठेवण्याची सोय असते. त्याला वेगळा खर्च येत नाही. राउटरच्या स्वतःच्या व्यवस्थापन पानाचा कारखान्यातून आलेला पासवर्डही त्याच वेळी बदलावा. वाय-फायचा पासवर्ड आणि हा पासवर्ड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे अनेकांना ठाऊक नसते.

दुसऱ्याच्या नेटवर्कमध्ये परवानगीविना शिरणे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ नुसार भरपाईस पात्र ठरते आणि ते अप्रामाणिक हेतूने केले, तर कलम ६६ नुसार गुन्हा ठरतो. पण ज्याच्या नेटवर्कमधून कोणी दुसऱ्याने काही केले, त्याच्याकडे पोलीस प्रथम येतात ते आयपी पत्ता घेऊन, आणि त्या पत्त्यावर नाव असते ते इंटरनेटचे बिल भरणाऱ्याचे. सानपाड्यात तेच झाले. कोणत्या वेळी कोणते यंत्र जोडलेले होते, याची नोंद राउटर ठेवू शकतो, मात्र ती सोय सुरू केलेली असावी लागते. आणि अनेक साध्या राउटरमध्ये वीज गेली, की ती नोंद पुसली जाते.